काचवाल्याच्या छतावर चटई

आमच्या ह्यांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करून बघतील. चाळीस वर्षं काचेचं दुकान चालवलेला माणूस. काच नीट भाजली आहे का, पोटात बुडबुडा आहे का, काठाला केसाएवढा तडा गेलाय का, हे त्यांना आवाजावरून कळतं. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा पाण्याच्या पेल्यावर त्यांनी अशीच टकटक केली होती, आणि माझ्या वडिलांना वाटलं, जावयाला पाणी आवडलेलं दिसत नाही.

म्हणून ती पॅनेलवाली पोरगी काखेत सहा सौर पॅनेल घेऊन आमचा जिना चढली, तेव्हा ह्यांनी पहिलं काम केलं ते टकटक करायचं. आवाज काही आला नाही. पुठ्ठ्यावर बोट वाजवावं तसं.

"मुकं आहे," हे म्हणाले. "ह्याच्यात काच कुठे आहे?"

"काच नाहीच काका. म्हणून तर मी एकटी घेऊन चढले."

"म्हणजे चटई."

"चटई म्हणा हवं तर."

तेव्हापासून त्या पोरीचं नाव आमच्या घरात चटईवाली पडलं, आणि तिनेही ते हसत घेतलं. पण मी मधूनच सुरुवात केली. आधी श्वासाचं सांगायला हवं, कारण ही सगळी धावपळ त्याच्यासाठीच होती.

तीन वर्षांपूर्वी माझी फुफ्फुसं थकली. डॉक्टरांनी पलंगाशेजारी एक यंत्र ठेवायला सांगितलं. ते खोलीतलीच हवा ओढून घेतं, त्यातला प्राणवायू वेगळा काढतं आणि बारीक नळीने माझ्या नाकाशी आणून देतं. दिवसभर गुरगुरत असतं, एखादी म्हातारी मांजर उशाशी बसल्यासारखं. मी त्याला माझी सोबतीण म्हणते. देवाने दिलेला श्वास देवाने थोडा आखडता घेतला, आणि राहिलेला पुरवायला ही सोबतीण पाठवली. मला तक्रारीला जागा नाही.

फक्त तिला वीज लागते. आणि आमच्याकडे दुपारी बारा ते चार वीज जाते. रोज, घड्याळ लावून.

त्या चार तासांसाठी प्राणवायूचं सिलिंडर आणावं लागायचं. आम्ही राहतो दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. जिना अरुंद आणि उभा. सहासष्ट वर्षांचा माणूस खांद्यावर ते लोखंड घेऊन एकेक पायरी चढायचा, आणि मी पलंगावर बसून पायऱ्या मोजायचे. सतरा. सतराव्या पायरीनंतर ते दारात दिसले की मी देवाला हात जोडायचे. बारा ते चार मी बोलायचेसुद्धा काटकसरीने. हो, नाही, पाणी. गुणगुणणं तर बंदच. आयुष्यभर भजनात आणि कीर्तनात रमलेली बाई मी, एक ओळ म्हणायची म्हणजे चार घोट हवा खर्च, तेवढी शिल्लक कुणाकडे होती!

एक दिवस नवव्या पायरीवर ह्यांचा पाय घसरला. सिलिंडर भिंतीवर आपटलं, भिंतीचा पोपडा निघाला, हे खाली बसले आणि तिथूनच ओरडले, "काही नाही, काही नाही, भिंतीला लागलंय!"

आमची लेक दवाखान्यात परिचारिका आहे. तिला फोनवर कळलं तशी ती ह्यांना म्हणाली, "बाबा, मला एकाच वेळी दोन पेशंट सांभाळायला लावू नका." आणि आठ दिवसांत तिने छतावर सौर पॅनेल बसवणारी माणसं पाठवली.

पहिली आली ती दोन माणसं. त्यांचे पॅनेल जाड काचेचे, भोवती धातूची चौकट, एकेक उचलायला दोघं. त्यातला एक शिडीवरून छताकडे गेला, आमच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याला हात लावला आणि तसाच खाली आला. "ह्या पत्र्यावर मांजर चढलं तरी मला धडकी भरेल," म्हणाला.

मग पत्र्याचं ऐकून ही पोरगी आली, काखेत ते सहा हलके पॅनेल घेऊनच. तिने पत्रा पाहिला, जिना पाहिला, मला पाहिलं. मग खाली रस्त्यावर जाऊन दुकानाकडे मान वर करून बराच वेळ उभी राहिली. वर येऊन म्हणाली, "काका, दुकानाच्या दारावरचं ते छप्पर. त्याची लोखंडी चौकट झकास आहे. उतार बरोबर, दुपारभर ऊन. वरची रंगीत काच काढली तर काचेचे दोन जड पॅनेल आरामात बसतील."

"त्या काचेला हात लावायचा नाही," हे म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही. पण मला माहीत होतं की ह्या विषयावर आता पडदा पडला. दुकान उघडलं त्या पहिल्या वर्षी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, ह्यांनी रिकाम्या हातांना काम म्हणून ते छप्पर केलं होतं. तांबडी, पिवळी, हिरवी, निळी अशी जाड काच, एकेक तुकडा हाताने कापून, कडांना लांबीचा, म्हणजे काच बसवायचा, लगदा भरून पक्का केलेला. ऊन पडलं की खालच्या फरसबंदीवर रंग सांडायचे. ते बघायला लोक थांबायचे, थांबलेली माणसं आत यायची, असं करत दुकान चाललं. आजही कुणी पत्ता विचारला तर लोक सांगतात, रंगीत छपरावाल्याकडे जा. ज्या छपराने आम्हाला चाळीस वर्षं जेवू घातलं ते माझ्यासाठी उतरवा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"मग हे हलके पॅनेलच बसवू," पोरगी म्हणाली. "पण काका, हलक्याचं मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. हे पत्र्याला भोक न पाडता चिकटवता येतात, एका बाईच्या काखेत मावतात, पत्र्याला भार कळतसुद्धा नाही. ही झाली चांगली बाजू. आता दुसरी. ते महाग पडतात. पत्र्याला चिकटलेले असल्याने खालून वारा लागत नाही, तापतात, तापले की वीज कमी देतात. काचेचे पंचवीस वर्षं जातील, हे दहा-बारा वर्षं गेले तर नशीब म्हणायचं. आणि एकदा चिकटवले की सालपटासारखे काढून दुसरीकडे नाही लावता येत."

"दहा वर्षं?" मी म्हटलं. "तोवर मी टिकले तरी मिळवली."

"काकू, मग पैज. आधी तुम्ही की आधी चटई?"

"पैज कशाला," हे म्हणाले. "हिच्याशी कुणी जिंकत नाही."

अर्ध्या दिवसात काम झालं. सहा चटया छतावर, बॅटरीची पेटी दाराआड, एक वायर सोबतिणीपर्यंत. निघताना पोरीने खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा निगा राखायचा कागद. काका ऐकायचे नाहीत, म्हणून तुमच्या हातात देते. त्यांना वाचून दाखवा."

मी तो माझ्या भजनाच्या वहीत ठेवला. जे जे जपायचं ते ते मी त्याच वहीत ठेवते.

दुसऱ्या दिवशी बाराला वीज गेली. पंखा थांबला, रस्त्यावरचे आवाज एकदम मोठे झाले. मी सवयीने श्वास आवरून बसले. आणि सोबतीण गुरगुरतच राहिली. साडेबारा. एक. दोन. हे पलंगाच्या कडेला बसून यंत्राकडे असे बघत होते, जणू त्याने बोलावं अशी अपेक्षा आहे. चार वाजता वीज परत आली तेव्हा आम्हा दोघांना कळलंही नाही, पंखा फिरला म्हणून कळलं.

त्या दुपारी मी तीन वर्षांनी एक अख्खी ओळ म्हटली. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. हे म्हणाले, "तडा आहे, पण काच अस्सल आहे."

चार महिने असे गेले. काय सांगू, दुपार नावाची एक गोष्ट मला परत मिळाली. मी दुपारी भाजी निवडायला लागले, लेकीशी फोनवर बोलायला लागले, ह्यांना टोमणे मारायला लागले. आता फक्त अडीनडीचं एक सिलिंडर खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं, त्यावर मी फुलदाणी ठेवली.

रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी हे छतावर जायचे. पत्र्यावर पाय द्यायची सोय नाही, म्हणून खालच्या तुळयांचा अंदाज घेऊन आडवी फळी टाकायचे, तिच्यावर पालथे पडून चटया साफ करायचे. धूळ फार बसते आमच्याकडे. माझ्या डोक्यावरून किर्र किर्र असा आवाज यायचा. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज तो, मला त्याने झोप लागायची. खाली उतरून म्हणायचे, "शिडीजवळच्या दोन आरशासारख्या केल्यात. बाकीच्यांना हात पुरत नाही, त्यांना नुसतं पाणी मारतो."

नको नको म्हणत चटईवर त्यांचा जीव बसला होता. काचवाल्याच्या छतावर काही मळकट दिसणं त्यांना सोसवलं नसतं.

आणि एका मंगळवारी पावणेतीनला सोबतीण किंचाळायला लागली. बॅटरी संपली की ती तशी किंचाळते. ह्यांनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली, सिलिंडर ओढलं, नळी बदलली. तेवढ्या वेळात माझ्या ओठांचा रंग गेला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी अडीचलाच किंचाळली. तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपत आलं, आणि हे पुन्हा जिना चढताना दिसले, खांद्यावर ते लोखंड. मी पायऱ्या मोजल्या. सतरा.

त्यांनी सिलिंडर खाली ठेवलं, धापा टाकत फोन लावला आणि सगळा राग त्या पोरीवर काढला. "चटई ती चटईच! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मुकं आहे म्हणून! इकडे माझ्या माणसाचा जीव टांगलाय, आणि तुमचा माल चार महिन्यांत संपला!"

ती तासाभरात आली. फळीवरून छत बघून आली. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा असा, की काहीतरी कळलंय पण ते म्हणायचं कसं ते कळत नाही. पाणी प्यायली. मग विचारलं, "काका, काच कशी पुसता तुम्ही?"

ह्यांचा राग थोडा बाजूला झाला. धंद्याचं विचारलं की होतो. "बघ, दाखवतो." त्यांनी माझ्या खिडकीच्या तावदानावर पाणी मारलं, पांढरी पूड लावली, रुंद पातं तिरकं धरलं आणि वरून खाली एका ओढीत उतरवलं. किर्र. तावदान असं झालं, की तिथे काही नाहीच. "पातं असं तिरकं असलं पाहिजे. काचेला कळतसुद्धा नाही."

"वा," पोरगी म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. मग तिने पिशवीतून त्याच पॅनेलचा हातभर तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "आता ह्याच्यावर."

ह्यांनी पाणी मारलं. पूड लावली. पातं ओढलं. किर्र. मग अंगठ्याचं नख त्या जागेवरून फिरवलं, जसं ते नेहमी फिरवतात. नख मध्येच अडलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं.

ह्यांनी तो तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हे कातडं आहे काका," पोरगी हळू आवाजात म्हणाली. "पातळ, पारदर्शक. काचेचं वजन काढून टाकलं ना, तेव्हा काचेचा टणकपणाही गेला. हलकेपणाची किंमत ही. तुमच्या हातांनी काचेला जे सोसवतं, ते ह्याला नाही सोसवत. दोन चटयांचं कातडं चिरलंय. आत ओल गेली, तारा काळ्या पडल्यात. आणि त्या दोन बाकीच्या चारांनाही मागे ओढतायत, कारण सगळ्या एकाच माळेत आहेत."

ह्यांनी पातं टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघवेना त्यांना. खिडकीकडे बघत राहिले, जिच्यात काहीच नव्हतं.

आणि तेव्हा मला आठवलं. मी उशाशी हात घातला, भजनाची वही उघडली. कागद तिथेच होता, चार महिने तसाच घडीत. पहिलीच ओळ: मऊ फडकं आणि साधं पाणी, पातं किंवा पूड कधीही वापरू नये.

"अहो," मी म्हटलं. "हा कागद मला दिला होता. तुम्हाला वाचून दाखवायला."

त्यांनी तो घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग वहीकडे पाहिलं. "हा तू देवाला वाचायला दिला होतास?"

"मला वाटलं जपून राहील."

"राहिला की." आणि ते हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले. "मी वरून घासतोय, तू खाली ऐकतेयस, आणि कागद दोघांच्या मधोमध झोपलाय."

"चूक माझीही आहे," पोरगी म्हणाली. "दारावर चिकटवायला हवा होता. त्या दिवशी उन्हाने माझं डोकं फिरलं होतं, मला फक्त घरी जायचं होतं."

आता पुढचं. तिने बोटांवर सांगितलं. दोन खराब चटया माळेतून सोडवायच्या, म्हणजे चार चांगल्या मोकळ्या होतील. पण चारांवर सोबतीण कशीबशी सव्वातीनपर्यंत जाईल. नव्या चटया लांबून येतात, मागवून तीन आठवडे.

"तीन आठवडे," हे म्हणाले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे सिलिंडरचा घट्टा पडला होता.

मग ते उठून खाली गेले. आम्हाला वाटलं गिऱ्हाईक आलं. थोड्या वेळाने खालून आवाज यायला लागला. टक, टक, टक. छिन्नीचा. मी ओळखला. जुनी लांबी उकरल्याचा आवाज तो. चाळीस वर्षांत वाळून दगड झालेली लांबी.

"काकू," पोरगी खिडकीतून वाकून म्हणाली, "काका छपराची काच काढतायत."

मी पलंगावरून जोरात हाक मारली, मला झेपत नव्हती तरी. "अहो! नका हो! तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे!"

टक, टक थांबलं. खालून आवाज आला, "तू श्वास वाया घालवू नकोस!"

पुन्हा टक, टक.

पहिली काच घेऊन ते वर आले तेव्हा संध्याकाळचं ऊन तिरकं झालं होतं. तांबडी काच. लहान बाळाला धरावं तशी छातीशी धरलेली. भिंतीला टेकवून ठेवली आणि पोरीला म्हणाले, "चौकट मजबूत आहे म्हणाली होतीस ना?"

"हो काका."

"असणारच. मीच बांधली. सांग, ते जड पॅनेल उद्या मिळतील का?"

मिळाले. ते साध्या दुकानातही मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून दोन पॅनेल उतरले. ह्यांनी पहिल्यावर पेराने टकटक केली. टण्ण. "ही बोलते," म्हणाले, आणि पोरीला खालची बाजू धरायला लावून ते स्वतः शिडीवर चढले. ज्या जागेसाठी त्यांनी रंगीत काच बेतली होती, तिथे हा काचेचा पॅनेल असा बसला, की जणू ती चौकट ह्याचीच वाट बघत होती. लांबी मात्र त्यांनीच भरली. "कंपनीचं रबर-बिबर ठेव तू तुझं. पाणी आत गेलं तर माझं नाव बदल." पोरीने रबरही लावलं, हे बघत नसताना.

छतावरच्या चार चटया तशाच आहेत. हे अजून रविवारी फळीवर पालथे पडतात, पण हातात माझं जुनं सुती लुगडं आणि तांब्याभर पाणी. ह्यांना मी एकदा चटयांशी बोलताना ऐकलं. "तुम्हाला नाही नाही ते बोललो," म्हणत होते. "मी चामडी सोलत होतो, आणि तुम्ही मुकाट्याने हिला श्वास देत होतात." खाली आल्यावर मी विचारलं, कुणाशी बोलत होता? म्हणाले, पाणी कमी पडलं म्हणत होतो.

खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात.

पण त्या वेळी ते लाल होते की नाही हे सांगता यायचं नाही, कारण खोलीतलं सगळंच रंगीत झालंय. छपराची काच त्यांनी वाया जाऊ दिली नाही. माझ्या खिडकीचं साधं तावदान काढलं आणि तिथे ती रंगीत काच मापाने कापून बसवली, तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, आणि मध्ये एक साधा तुकडा, मला आभाळ दिसावं म्हणून. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन आत येतं. माझ्या चादरीवर रंग सांडतात, नळीवर सांडतात, वहीवर सांडतात. बाहेर वीज गेलेली असते. सोबतीण गुरगुरत असते. मी एक ओळ म्हणते, जमलं तर दोन.

निगा राखायचा कागद आता दारावर चिकटवलाय. वहीत त्याच्या जागी मी रंगीत काचेचा एक छोटा तुकडा ठेवलाय, कडा ह्यांनी घासून गोल करून दिलेला.

परवा खाली एक गिऱ्हाईक आलं होतं. जुना माणूस, बऱ्याच वर्षांनी आलेला. वर मान करून म्हणाला, "अहो, तुमचं रंगीत छप्पर कुठे गेलं? मी दोनदा पुढे जाऊन परत आलो."

मी खिडकीशी कान दिला.

"वर घेतलं," हे म्हणाले. "इथे रस्त्यावर उगाच वाया चाललं होतं."